वन-ऑन-वन जिंकणारा टॅकल पहिल्या पाचांत का नसतो?

एका वडिलांनी लिहून पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसजवळच्या एका हायस्कूलमध्ये त्यांचा मुलगा अमेरिकन फुटबॉल खेळतो, यंदा ज्युनियर, म्हणजे अकरावीत आहे. उंची सहा फूट चार इंच, वजन २५५ पौंड. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, वाचवणाऱ्या पाच जणांच्या ओळीत डाव्या टोकाला लेफ्ट टॅकल असतो; त्या जागेसाठी एका सीनियर, म्हणजे बारावीतल्या, मुलाशी त्याची चुरस चालली आहे. वन-ऑन-वन ड्रिलमध्ये, म्हणजे एकास एक सरावात, हा सरस ठरतो, तो सीनियर बऱ्याचदा मार खातो, तरी टीम ड्रिल, म्हणजे पूर्ण संघाचा सराव, सुरू झालं की पहिल्या पाचांत सीनियरच उभा असतो. वडील विचारतात: कोच सीनियर म्हणून त्याला झुकतं माप देतोय का? आणि सीझनला दोन आठवडे उरलेत, तेवढ्यात काय करता येईल?

मी हायस्कूलच्या ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे याच पाच जणांच्या ओळीला, शिकवतो, बरीच वर्षं. दर ऑगस्टला ही कुरबूर कोणत्या ना कोणत्या घरातून ऐकू येतेच. आधी पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. सीनियरला झुकतं माप मिळतं का? मिळतं. दोघं अगदी तोडीस तोड असतील तर बहुतेक कोच सीनियरला उभं करतात. त्याचं हे शेवटचं वर्ष असतं, आणि सगळ्या संघाचं लक्ष असतं की तीन वर्षं घाम गाळलेल्या मुलाला काय मिळालं. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला इथे वेगळंच काहीतरी दिसतंय. कोचवर संशय घेण्याआधी वन-ऑन-वनमध्ये नक्की काय मोजलं जातं ते बघू.

त्या ड्रिलमध्ये तुमच्या मुलासमोर एकच माणूस असतो. पास आहे, म्हणजे चेंडू फेकायचा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोणाला अडवायचं हा प्रश्नच नसतो. शेजारी गार्ड (ओळीत टॅकलच्या आतला खेळाडू) नाही, मागे चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक नाही, गोंगाट नाही. उरतात फक्त पाय आणि हात. उंच, चपळ, लांब हातांचा मुलगा तिथे चमकणारच. सामन्यात मात्र स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे दिला जाण्याच्या, आधीच त्याला चार गोष्टी कळाव्या लागतात: रन आहे की पास, माझा माणूस कोण, गार्ड मला मदत करणार की मी गार्डला, आणि चेंडू कितव्या काउंटवर उचलला जाणार. ही चार उत्तरं डोक्यात नसतील तर पायांची चपळाई चुकीच्या दिशेला वाया जाते.

एक प्ले जवळून बघा. थर्ड डाउन, म्हणजे तिसरा प्रयत्न, आठ यार्ड हवेत. समोर डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावातला कडेचा खेळाडू, बाहेरच्या खांद्यावर उभा आहे. स्नॅप झाला. एंड दोन पावलं बाहेर येतो आणि एकदम आत वळून तुमच्या गार्डच्या बरगडीवर आदळतो. त्याच क्षणी गार्डसमोरचा डिफेन्सिव्ह टॅकल एंडच्या पाठीमागून वळसा घालून बाहेरच्या मोकळ्या जागेत येतो. याला स्टंट म्हणतात. नवखा टॅकल काय करतो? ‘माझा माणूस आत गेला’ म्हणून त्याच्यामागे आत धावतो. मग दोन ब्लॉकर मिळून एकाला धरून बसतात, आणि वळसा घालून आलेला गडी क्वार्टरबॅकच्या पाठीत शिरतो. अनुभवी टॅकल एंडला जाताजाता एक धक्का देऊन गार्डच्या हवाली करतो, नजर पुन्हा बाहेर आणतो आणि येणाऱ्याला छातीवर घेतो. हे जमायचं तर गार्ड आणि टॅकल जवळपास एकाच रेषेत हवेत. इथेच चपळ मुलं फसतात. त्यांचे पाय इतके चांगले असतात की पहिल्या दोन पावलांतच ती यार्ड-दीड यार्ड मागे सरकतात. वन-ऑन-वनमध्ये ते छान दिसतं. टीम ड्रिलमध्ये त्यामुळे गार्ड पुढे, टॅकल मागे आणि मधे दरवाजा उघडा. अशा वेळी गार्ड कितीही चांगला असला तरी माणसांची अदलाबदल होऊच शकत नाही.

तुमचा मुलगा नेमकं हेच करत असेल, असा माझा अंदाज आहे. फिल्म न बघता छातीठोकपणे सांगणार नाही.

आता कोच फिल्मवर काय बघतो? आम्ही प्रत्येक प्लेला गुण देतो: काम बरोबर माणसावर झालं का, तंत्र ठीक होतं का, शिट्टी वाजेपर्यंत सोडलं नाही ना. समजा एका स्क्रिमेजमध्ये, म्हणजे सराव सामन्यात, साठ प्ले झाल्या. सीनियर आठदा अर्ध्या पावलाने हरला, पण दर वेळी रशरच्या (क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याच्या) आणि क्वार्टरबॅकच्या मधेच राहिला. चेंडू वेळेत सुटला. तुमचा मुलगा सत्तावन्न प्लेमध्ये देखणा खेळला आणि तीनदा चुकीच्या माणसाकडे गेला. टक्केवारीत तो पुढे आहे. पण त्या तीन प्लेमध्ये आमच्या सतरा वर्षांच्या क्वार्टरबॅकला मागून, काहीच दिसत नसताना, धडक बसली. लाइनवरच्या इतर जागांची चूक अनेकदा झाकली जाते, कारण दोन्ही बाजूंना माणसं असतात. टॅकल कडेला एकटा असतो. त्यामुळे त्याच्याबाबतीत मी पहिला प्रश्न विचारतो तो असा: हा वाईटात वाईट खेळला तर काय होतं? सीनियरच्या वाईट प्लेमध्ये चेंडू घाईत फेकावा लागतो. तुमच्या मुलाच्या वाईट प्लेमध्ये क्वार्टरबॅक आडवा होतो. दोन आठवड्यांत हा फरक मिटला, तर जागा त्याची.

वरच्या पातळीवर हे कसं चालतं याची दोन उदाहरणं सांगतो. पुढे ती दोन्ही एकाच सामन्यात येऊन भिडली, म्हणून मला विशेष आवडतात.

पहिलं एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सचं. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, त्यांनी वरची जागा मिळवण्यासाठी सौदा केला आणि २२ व्या क्रमांकावर वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा टॅकल आंद्रे डिलर्ड घेतला. पायांत त्याच्यासारखी सफाई त्या वर्षी फार थोड्यांकडे होती. कॉलेजात तो प्रचंड पास खेळणाऱ्या संघात असल्याने मागे सरकून अडवणं त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्याच्या एक वर्ष आधी, २०१८ च्या सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर, ईगल्सनी जॉर्डन मायलाटा घेतला होता. सिडनीचा, सामोअन आईबापांचा मुलगा, रग्बी लीग खेळणारा, सहा फूट आठ इंच, ३४६ पौंड. आयुष्यात अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. पहिली दोन वर्षं तो सीझनच्या एका सामन्यातही उतरला नाही. लाइनचा कोच जेफ स्टाउटलंड त्याला स्टान्सपासून, म्हणजे उभं कसं राहायचं इथपासून, शिकवत होता. आजही टीव्हीवर खेळाडूंनी आपलं कॉलेज सांगायची वेळ आली की मायलाटा ‘जेफ स्टाउटलंड युनिव्हर्सिटी’ म्हणतो, आणि ते फारसं खोटं नाही.

२०२० च्या सीझनआधीच्या सराव-कॅम्पमध्ये डिलर्डचा दंडाचा स्नायू फाटला आणि त्याचा अख्खा सीझन गेला. जुना लेफ्ट टॅकल जेसन पीटर्स म्हातारा झालेला, तोही दुखापतीत. चौथ्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मायलाटाला सुरुवातीला उतरवावं लागलं. २०२१ ला निक सिरियानी नवा मुख्य कोच म्हणून आला आणि त्याने लेफ्ट टॅकलची जागा दोघांसाठी खुली ठेवली. कॅम्पमध्ये डिलर्डचा गुडघा दुखावला हे खरं, पण तोवर मायलाटा पुढे गेलेला होता. त्याच्यावर बुल रश केला, म्हणजे छातीला छाती लावून मागे ढकलायचा प्रयत्न केला, तर तो हलायचा नाही. डिलर्ड हलायचा. चुका मायलाटाही करत होता, पण इतक्या आकाराचा माणूस चुकला तरी रशरला त्याला वळसा घालायला वेळ लागतो. तेवढ्यात चेंडू सुटतो. सप्टेंबरमध्ये, सीझनचा पहिला सामना खेळण्याच्या आदल्या दिवशी, त्याला चार वर्षांचा ६.४ कोटी डॉलरचा करार मिळाला. पहिल्या फेरीतला, सौदा करून आणलेला खेळाडू बाजूला ठेवून सातव्या फेरीतल्याला जागा देणं संघाच्या मालकांना आणि व्यवस्थापकाला सोपं नसतं. ईगल्सनी ते केलं. डिलर्ड नंतर राखीव म्हणून अधूनमधून खेळला, ठीक खेळला, आणि २०२३ मध्ये टेनेसीला गेला.

दुसरं उदाहरण कॅन्सस सिटी चीफ्सचं, २०२४ चं. एकीकडे दुसऱ्या वर्षातला वान्या मॉरिस, दुसरीकडे त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत घेतलेला बीवाययू विद्यापीठाचा किंग्जली सुआमाटाया. कॅम्पमधून सुआमाटाया जिंकून बाहेर आला. दुसऱ्याच सामन्यात समोर सिनसिनाटीचा ट्रे हेन्ड्रिक्सन उभा राहिला, जो त्या सीझनला साडेसतरा सॅक (चेंडू सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) घेऊन लीगमध्ये पहिला आला. त्या पोराची दैना झाली आणि सामना चालू असतानाच मॉरिसला आत पाठवावं लागलं. पुढे मॉरिसचंही चाललं नाही. नोव्हेंबरात अनुभवी डी. जे. हम्फ्रीज आणला, तो पहिल्याच सामन्यात मांडीच्या स्नायूने गेला. शेवटी डिसेंबरात जो थूनीला, लीगमधल्या उत्तमातल्या उत्तम गार्डला, लेफ्ट टॅकलवर सरकवलं. थूनीने निभावलं. पण मग लेफ्ट गार्डला राखीव खेळाडू उभा करावा लागला, म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं पाडलं.

आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, समोरासमोर कोण, तर हेच दोन संघ. ईगल्सच्या बचावाने त्या सामन्यात एकदाही ब्लिट्झ, म्हणजे जादा माणसं पाठवून हल्ला, केला नाही. पुढच्या चौघांवर भागलं. चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्स याला सहा सॅक बसले, मध्यंतराला गुणफलक २४–०, शेवटी ईगल्स ४०–२२ ने जिंकले. सगळा दोष थूनीच्या माथी मारणं अन्याय होईल, पूर्ण लाइनच मोडली होती. तरी ऑगस्टमध्ये न सुटलेली एक चुरस फेब्रुवारीपर्यंत कशी पाठ सोडत नाही, हे त्या रात्री दिसलं. चीफ्सनी त्यानंतरच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत ओहायो स्टेटचा जॉश सिमन्स हा टॅकल घेतला.

चीफ्सचा कोच अँडी रीड स्वतः जुना लाइनमन आणि लाइन कोच. त्यालाही अंदाज का चुकावा? कारण परीक्षा घ्यायला वेळच नसतो. एनएफएलमध्ये वसंत ऋतूतल्या सरावांत अंगावर पॅड नसतात. कॅम्पमध्ये पूर्ण पॅड घालून करायचे सराव जास्तीत जास्त सोळा, आणि २०२१ पासून प्रीसीझनचे सामने फक्त तीन. चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरची चपळाई शॉर्ट्समध्येही कळते. लाइनमनचं खरं रूप पॅड चढल्यावर, समोरच्याचं वजन अंगावर आल्यावरच कळतं. तुमच्या मुलाच्या शाळेतही पहिले काही दिवस फक्त हेल्मेट असतं, मग खांद्याचे पॅड, मग सगळं. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या तक्त्यावर कोणाचं नाव कुठे आहे, यावरून घरात वाद घालू नका.

सुआमाटायाचं पुढे काय झालं हेही सांगण्यासारखं आहे. २०२५ मध्ये तो त्याच संघात लेफ्ट गार्ड म्हणून उभा राहिला. टॅकलची जागा हरलेल्या मुलाला कोच आत सरकवतो तेव्हा पालकांना ती पदावनती वाटते. बऱ्याचदा ती त्याची खरी जागा असते.

आता डावी-उजवी. तुम्ही ‘लेफ्ट टॅकलच हवं’ असं दोनदा लिहिलंय. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या बाजूला असते, म्हणून त्या जागेला मान. पण आज चांगले रशर दोन्ही बाजूंनी येतात, आणि पैसाही तसा वाटला जातोय. डेट्रॉइट लायन्सचा पेने सूअल कॉलेजात, ओरेगॉनमध्ये, लेफ्ट टॅकल होता. लायन्सनी २०२१ ला त्याला सातव्या क्रमांकावर घेऊन उजवीकडे नेलं. सुरुवातीला त्याला ते जड गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच राइट टॅकलला चार वर्षांचा ११.२ कोटी डॉलरचा करार मिळाला, वर्षाच्या सरासरीने तेव्हाचा लाइनमनमधला सगळ्यात मोठा. उलट डिलर्डला नोव्हेंबर २०१९ मध्ये सिएटलविरुद्ध अचानक उजवीकडे उभं केलं, तर मध्यंतरालाच बाहेर काढावं लागलं. बाजू बदलली की मागचा पाय पुढे येतो, ढकलणारा हात बदलतो, वळायची दिशा बदलते. सवय नसेल तर चांगला खेळाडूही परका वाटतो. पण ज्याला दोन्ही जमतं, तो राखीव असला तरी सगळ्यात आधी मैदानात जातो. त्याला स्विंग टॅकल म्हणतात, आणि प्रत्येक लाइन कोच असा एक गडी खिशात असावा म्हणून धडपडत असतो.

आता दोन आठवड्यांचं. पहिली गोष्ट, तुम्ही कोचला ईमेल करू नका. कितीही सभ्य भाषेत लिहिला तरी त्याचा एकच अर्थ निघतो. मुलाने स्वतः सराव संपल्यावर लाइन कोचकडे जावं आणि ‘मी का खेळत नाही’ असं न विचारता ‘कोच, टीम ड्रिलमधल्या माझ्या सगळ्यात वाईट पाच प्ले हडलवर दाखवाल का?’ असं विचारावं (हडल म्हणजे संघ फिल्म बघतात ते ॲप). असं विचारणारा मुलगा कोचच्या लक्षात राहतो. शिवाय नेमकं काय बिघडतंय ते त्याला कळेल आणि माझा अंदाज खरा की खोटा तेही.

दुसरं, त्याला बोलायला सांगा. लाइनवर सतत बोलावं लागतं: सेंटर (ओळीतला मधला) पुकारतो, गार्ड पुढे सांगतो, टॅकलने ऐकलं असं ओरडून परत सांगायचं असतं. सीनियर हे करत असणार. आपल्या घरांतली मुलं मोठ्यांसमोर गप्प राहायला शिकलेली असतात, ते मैदानावर नडतं. माझ्याकडे आलेली देशी मुलं बहुतेक अशीच होती, अंगात ताकद आणि तोंडाला कुलूप. तुमच्या मुलाने लेफ्ट गार्डबरोबर रोज सरावानंतर दहा मिनिटं फक्त स्टंट करावेत, अर्ध्या वेगाने, तोंडाने सांगत. पहिलं पाऊल मागे न टाकता गार्डच्या रेषेत राहून टाकायचं. एवढी एक सवय लागली तरी वर सांगितलेल्या तीन चुका शून्यावर येऊ शकतात.

तिसरं, बूड खाली. उंच मुलं दमली की कंबरेत वाकतात, गुडघ्यांत वाकत नाहीत. मग छातीवर धक्का बसला की मागे जातात. तालमीत वस्ताद ‘खाली बस, खाली बस’ म्हणून ओरडतो ना, तसंच हे. हिवाळ्यात शाळेच्या कुस्ती संघात त्याला जरूर घाला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा स्टीफन नील कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता. तो कॉलेज कुस्तीतला हेवीवेट विजेता होता आणि पुढे सुपर बोल जिंकणाऱ्या लाइनवर गार्ड म्हणून खेळला.

वजनाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण हा प्रश्न आईकडून हमखास येतो. आत्ता ऑगस्टमध्ये वजन वाढवायच्या मागे लागू नका. टेक्ससच्या उन्हात पॅड घालून सराव चाललाय. पाणी, मीठ, झोप आणि वेळेवर पोटभर जेवण एवढंच सांभाळा. घरी शाकाहारी असाल तर डाळ, दही, पनीर, अंडी चालत असतील तर अंडी, एवढ्यावर अकरावीतल्या मुलाचं भागतं. पावडरींचे डबे आणण्याआधी संघाच्या ट्रेनरला विचारा.

आणि चुकूनही सांगू नका की ‘त्या सीनियरपेक्षा तू चांगला आहेस, पण राजकारण चाललंय’. पोरं हे लॉकर रूममध्ये बोलतात. लाइन ही पाच जणांची जागा आहे, उद्या त्या सीनियरच्या शेजारीच त्याला उभं राहायचंय.

पहिल्या शुक्रवारी सीनियर सुरुवातीला उतरला, तरी तुमच्या मुलाला खेळायला मिळायचे मार्ग आहेत. बहुतेक संघ गोल लाइनजवळ सहावा लाइनमन आत आणतात. त्या जागेसाठी आपलं नाव घ्या असं त्याने कोचला आताच सांगून ठेवावं. गुरुवारी जेव्हीच्या, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या फळीच्या संघाच्या, सामन्यात खेळवत असतील तर आनंदाने खेळावं, तिथल्या प्लेसुद्धा कोच फिल्मवर बघतो. आणि रोज सरावाच्या शेवटी पंधरा-वीस वेळा उजवीकडची स्टान्स घेऊन किक-स्लाइड, म्हणजे मागे सरकत अडवायची पावलं, करावी. राइट टॅकलचा घोटा मुरगळला, तर कोच बाकाकडे वळून ‘उजवीकडे कोण जाईल?’ विचारेल, तेव्हा उत्तर द्यायला तो तयार असला पाहिजे.